पेशी प्रथिनांचे गोळे ओळखते कशी आणि संपवते कशी?

माळरान
ऑटोफॅजीचा विषय निघाला की हल्ली पहिला प्रश्न उपवासाचा येतो. सोळा तास पोट रिकामं ठेवा, पेशी स्वतःची साफसफाई करतील, अल्झायमर्स-पार्किन्सन्सची प्रथिनंही त्यातच निघून जातील, अशा अर्थाचे निरोप प्रत्येक ग्रुपवर फिरतात. खाली योशिनोरी ओसुमींचा फोटो आणि २०१६चं नोबेल. ओसुमींचं काम थोर आहेच, पण या विषयातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग या निरोपांतून गळलेला असतो. म्हणून हा धागा.

थोडक्यात पार्श्वभूमी. लायसोसोम, म्हणजे पेशीतली पचनाची पिशवी, शोधणाऱ्या क्रिस्तियाँ द दूव यांनी १९६३ साली या प्रक्रियेला ऑटोफॅजी हे नाव दिलं. पेशीतला एखादा भाग दुपदरी पापुद्र्याने वेढायचा, त्याची बंद पिशवी करायची, ती लायसोसोमला जोडायची आणि तिथल्या आम्लधर्मी विकरांनी आतला माल मोडून सुटे घटक परत वापरायला घ्यायचे. उपासमारीत पेशीला अमिनो आम्लं हवी असतात, त्यामुळे ती जवळ असेल ते वेढते.

पण चेतापेशीत बिघडलेल्या प्रथिनांचा गोळा पडलेला असतो तेव्हा त्याच्या आजूबाजूला निरोगी प्रथिनं असतात, चालू मायटोकॉन्ड्रिया असतात. त्यांना हात न लावता नेमका गोळाच उचलायचा, याला निवडक ऑटोफॅजी म्हणतात. ही पोट भरलेलं असतानाही चालू असते. २००६मध्ये जपानमधल्या दोन गटांनी उंदरांच्या मज्जासंस्थेतून ऑटोफॅजीचं एकेक जनुक काढून पाहिलं. मिझुशिमांच्या गटाने एटीजी५, कोमात्सुंच्या गटाने एटीजी७. या उंदरांत कुठल्याही आजाराचं सदोष प्रथिन घातलेलं नव्हतं आणि त्यांची उपासमारही केलेली नव्हती. तरी चेतापेशींत गोळे साठले, उंदरांच्या हालचाली बिघडल्या, चेतापेशी मेल्या. म्हणजे हे काम रोज चालतं आणि ते थांबलं तर मेंदू टिकत नाही.

माझं मत असं की या आजारांत 'ऑटोफॅजी वाढवा' एवढंच म्हणून भागणार नाही. ओळखणं, वेढणं, नेणं, मोडणं यातली कोणती पायरी अडली आहे ते आधी कळायला हवं. या विषयात काम करणारे, घरात असे आजार पाहिलेले, नुसतं कुतूहल असलेले, सगळ्यांनी लिहा.

शमी
वाचतेय. माझं शिक्षण कॉमर्सचं, म्हणून मुळापासून विचारते. गोळा होतोच का? प्रथिन खराब झालं तर पेशी ते एकेकटं असतानाच का मोडत नाही?

माळरान
शमी, मोडते. बहुतेक वेळा एकेकटंच मोडते.

प्रथिन ही अमिनो आम्लांची साखळी. तिची घडी नीट बसली की पाणी टाळणारे तुकडे आत दडतात. घडी बिघडली की हे तुकडे उघडे पडतात आणि दुसऱ्या प्रथिनाच्या उघड्या तुकड्यांना चिकटतात. आधी शॅपरोन नावाची प्रथिनं घडी परत बसवायचा प्रयत्न करतात. जमलं नाही तर त्या प्रथिनावर युबिक्विटिन चढवलं जातं. हे ७६ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन म्हणजे 'हे मोडायचं आहे' अशी खूण. या शोधाबद्दल चिखानोव्हर, हर्ष्को आणि रोझ यांना २००४चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. खूण लागलेलं प्रथिन प्रोटिएसोम नावाच्या नळीसारख्या यंत्रात जातं आणि त्याचे बारीक तुकडे होतात.

अडचण त्या नळीच्या तोंडाची आहे. ते फार अरुंद असतं, साखळी उलगडून एकेरी झाली तरच आत जाते. सुईच्या नाकातून दोरा जातो, गुंता जात नाही, तसं. प्रथिनं एकमेकांना चिकटून गोळा झाला की प्रोटिएसोमच्या हातून काम सुटतं आणि अख्खा गोळा वेढू शकणारी ऑटोफॅजीच उरते.

दर्यावर्दी
छान सुरुवात. पण उपवासावर एवढा राग का? माझी आई गेली कित्येक वर्षं दोन्ही एकादश्या करते आणि ऐंशीच्या पुढे तल्लख आहे. पारंपरिक गोष्टीत तथ्य असू शकतं ना?

शमी
दर्यावर्दीदादा, तुमच्या आई एकादशीला काय खातात तेही सांगा. आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि वर रताळ्याचा कीस. एकादशी अन् दुप्पट खाशी! :)

दर्यावर्दी
हा हा, आमच्याकडेही तेच, शिवाय संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू.

केतकी_व
नमस्कार. मी पुण्यात पीएचडी करते, यीस्टमधल्या ऑटोफॅजीवरच. दोन्ही बाजूंना थोडं थोडं देते.

शमीताईंचा मुद्दा गमतीचा असला तरी त्यात जीवशास्त्र आहे. उपाशीपोटी ऑटोफॅजी सुरू होते ती मुख्यतः एमटॉर नावाचं विकर शांत झाल्यामुळे. ते पेशीत अमिनो आम्लं किती आहेत ते पाहतं, इन्शुलिनचा संदेशही त्याच्यापर्यंत पोचतो. साबुदाणा आणि दाणे पोटात गेल्यावर त्याला उपासमारीचा सुगावा लागायचं कारण नाही.

आता दर्यावर्दींची बाजू. भुकेल्या उंदरांच्या मेंदूत काय होतं यावर संशोधकांतही मतभेद झाले आहेत. मिझुशिमांच्याच गटाने २००४मध्ये चमकणारं एलसी३ (वेढणाऱ्या पापुद्र्यावर बसणारं प्रथिन) असलेले उंदीर उपाशी ठेवले. यकृत, हृदय, स्नायू यांत ऑटोफॅजी वाढलेली दिसली, मेंदूत जवळजवळ काही बदल दिसला नाही. शरीर उपासातही मेंदूला इंधन पुरवत राहतं, त्यामुळे हे पटण्यासारखं आहे. २०१०मध्ये दुसऱ्या एका गटाला मात्र थोड्या काळाच्या उपासानंतर उंदरांच्या चेतापेशींत वाढ दिसली. म्हणजे उंदरांतच एकवाक्यता नाही. तिथून थेट 'माणसाने सोळा तास उपास केला की मेंदूतले गोळे जातात' इथवर उडी मारणं मला मान्य नाही.

ओसुमींनी काय पाहिलं तेही लिहिते, कारण ते मला अजून रोमांचक वाटतं. त्यांनी रिक्तिकेतली (हे यीस्टचं लायसोसोमच म्हणा) पाचक विकरं नसलेलं यीस्ट घेतलं आणि त्याला उपाशी ठेवलं. रिक्तिकेत माल येत राहिला, पण मोडला गेला नाही. काही तासांत ती बारीक गोल पिशव्यांनी भरून गेली आणि हे साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. हा शोध १९९२चा. १९९३मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने यात बिघाड असलेली १५ उत्परिवर्तनं वेगळी केली. माळरान यांनी वर लिहिलेली एटीजी५, एटीजी७ ही उंदरांतली जनुकं या यीस्टच्या जनुकांचीच भावंडं.

सह्यकडा
वाचनखूण साठवली. पुढील भागाच्या प्रतीक्षेत.

डॅन्यूबकाठी
माळरान, तुमचा मूळ प्रश्न ओळखण्याचा होता. त्यावर लिहितो, मी याच्या जवळपासच्या क्षेत्रात व्हिएन्नात काम करतो.

गोष्टीतलं मुख्य पात्र पी६२ नावाचं प्रथिन. लांबी ४४० अमिनो आम्लं. एका टोकाने ते स्वतःसारख्याच दुसऱ्या पी६२ला धरतं आणि लांबलचक तंतू बनतो. दुसरं टोक युबिक्विटिनला धरतं. मधे एक छोटासा पट्टा असतो, तो एलसी३ला धरतो, आणि एलसी३ हे वेढणाऱ्या पापुद्र्यावर चिकटवलेलं प्रथिन. म्हणजे एकाच रेणूत मालाचीही पकड आणि पिशवीचीही पकड. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोमधे तेर्ये योहानसेन यांच्या गटाने २००५ आणि २००७च्या दोन लेखांत हे उलगडलं. त्याआधी पेशी युबिक्विटिनची खूण प्रोटिएसोमसाठीच वापरते असं बहुतेकांना वाटत होतं. तीच खूण ऑटोफॅजीसाठीही चालते हे कळल्यावर दोन वेगळी समजली जाणारी क्षेत्रं जोडली गेली.

मग पेच असा पडतो की एकट्यादुकट्या खुणावलेल्या प्रथिनाला पी६२ का उचलत नाही? उत्तर पकडीच्या ताकदीत आहे. एक पी६२ आणि एक युबिक्विटिन यांची पकड कमजोर, लगेच सुटते. पण पी६२चा तंतू आणि गोळ्यावरच्या युबिक्विटिनच्या लांब माळा समोरासमोर आल्या की शेकडो कमजोर पकडी एकाच वेळी लागतात आणि मग सुटका नाही. गोळा मोठा आहे हीच त्याची ओळख. आमच्याच शहरातल्या साशा मार्टेन्स यांच्या प्रयोगशाळेने २०१८मध्ये हे पेशीबाहेर, शुद्ध केलेल्या प्रथिनांवर दाखवलं. परीक्षानळीत पी६२ आणि युबिक्विटिनच्या माळा लावलेलं प्रथिन एकत्र केलं की सूक्ष्मदर्शकाखाली ती आपोआप गोळा होताना दिसतात. पी६२ आधीच पडलेल्या गोळ्याला तर धरतंच, शिवाय इतस्ततः विखुरलेला खुणावलेला माल एकत्र आणून उचलण्याजोगा गोळा स्वतःही तयार करतं.

पी६२ एकटं नसतं. एनबीआर१ त्याच्या बरोबरीने मालाला धरतं आणि पी६२ला गोळा करायला मदत करतं. टॅक्स१बीपी१ हे तिसरं प्रथिन पापुद्रा बनवायला सुरुवात करणाऱ्या संचाला, म्हणजे एफआयपी२००ला, गोळ्यापाशी बोलावतं. तयार पिशवी कुठूनतरी येऊन गोळा गिळते असं नाही. गोळ्यापाशीच, गोळ्याच्या मापाने पापुद्रा वाढतो. म्हणून शेजारचं निरोगी काही आत सापडत नाही.

माळरान
डॅन्यूबकाठी, अशाच प्रतिसादाची वाट पाहत होतो. गोळ्यापाशीच पापुद्रा वाढतो हे वाचून शमीताईंच्या पुढच्या प्रश्नाचंही उत्तर निम्मं झालं असेल.

शमी
झालंच. पण यातून नवा प्रश्न आला. पी६२ मालाबरोबर आत गेलं की तेही मोडतं का?

केतकी_व
हो, मोडतं, आणि आमच्या प्रयोगशाळांतलं अर्धं राजकारण याच वाक्यावर चालतं. :)

पी६२ मालासोबत संपतं, त्यामुळे ऑटोफॅजी अडली की पेशीत पी६२ साठतं. म्हणून सस्तन पेशींवर काम करणारे पी६२ किती आहे ते प्रथिनं मोजायच्या चाचणीत उमटणाऱ्या पट्ट्यावरून पाहून अंदाज बांधतात (पट्टा जाड म्हणजे प्रथिन जास्त). एलसी३चं मात्र सांभाळून घ्यावं लागतं. पापुद्र्याला चिकटलेलं एलसी३ वाढलेलं दिसलं तर पिशव्या जास्त बनताहेत असं म्हणायचं, की बनलेल्या पिशव्या लायसोसोमपर्यंत पोचून मोडत नाहीयेत असं म्हणायचं? दोन्हीत पट्टा जाडच दिसतो. म्हणून बॅफिलोमायसिनसारख्या औषधाने लायसोसोम बंद करून सोबत दुसरा नमुना चालवावा लागतो. नव्या विद्यार्थ्याने जाड पट्टा दाखवून 'मॅडम, ऑटोफॅजी वाढली' म्हटलं की आमच्या गाईड एकच विचारतात, 'वाढली की तुंबली?'

माळरान
'वाढली की तुंबली' हाच या धाग्याचा प्रश्न आहे.

निशिगंधा_वाई
मी या विषयातली नाही. माझ्या वडिलांना पार्किन्सन्स आहे, मी त्यांची मुख्य काळजीवाहक. एका नातेवाइकाने त्यांना सोळा तासांचा उपास सुरू करायला लावला, कारण 'डोक्यातला कचरा जाईल'. महिन्याभरात वजन उतरलं, गोळ्यांच्या वेळा चुकल्या, पावलं जास्त अडखळायला लागली. न्यूरॉलॉजिस्टनी ते बंद करायला सांगितलं. पार्किन्सन्समधे वजन घटणं हीच मोठी काळजी असते आणि लेव्होडोपा हे पार्किन्सन्सचं औषध व जेवण यांच्या वेळा एकमेकींशी बांधलेल्या असतात, असं त्यांनी समजावलं.

मला रागापेक्षा हे विचारायचंय: बाबांच्या पेशींत नक्की काय अडलं आहे? डॅन्यूबकाठींनी लिहिलेली ती ओळखण्याची यंत्रणा बिघडली आहे का?

डॅन्यूबकाठी
निशिगंधाताई, उपास थांबवलात ते योग्य केलंत.

प्रत्येक रुग्णात काय अडलं ते बाहेरून सांगता येत नाही, पण संशोधनातून जे समजतं ते असं. पार्किन्सन्समधे चेतापेशींत आल्फा-सायन्यूक्लिन या १४० अमिनो आम्लांच्या प्रथिनाचे गोळे साठतात, त्यांना ल्युई बॉडी म्हणतात. या गोळ्यांत युबिक्विटिन सापडतं आणि पी६२ही सापडतं. म्हणजे पेशीने गोळा ओळखला होता, खूण लावली होती, माल आणि पिशवी जोडणारा पी६२चा दुवाही येऊन चिकटला होता. पुढचं काम झालं नाही. पार्किन्सन्सचा धोका वाढवणाऱ्या जनुकांत जीबीए१ महत्त्वाचं आहे आणि ते लायसोसोममधल्या एका विकराचं जनुक. त्यामुळे बऱ्याच रुग्णांत अडचण शेवटच्या टप्प्याला, लायसोसोमपाशी असावी असा पुरावा जमतो आहे.

उंबरठा
आता उलट बाजू मांडतो. तुम्ही सगळे गोळ्याला गुन्हेगार धरून चालला आहात. २००४मध्ये स्टीव्हन फिंकबायनर यांच्या गटाने हंटिंग्टन्स या आनुवंशिक मेंदूविकाराचं सदोष प्रथिन (हंटिंग्टिन) असलेल्या चेतापेशी एकेक करून सतत सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. ज्या पेशींत मोठा गोळा तयार झाला त्या जास्त जगल्या. ज्यांच्यात ते प्रथिन विखुरलेलंच राहिलं त्या लवकर मेल्या. म्हणजे गोळा करणं ही पेशीची संरक्षणाची युक्तीही असू शकते. विखुरलेले छोटे पुंजके जास्त घातक, असं मानणारे बरेच आहेत. मग गोळा 'साफ' करायची घाई कशाला?

माळरान
उंबरठा, मुद्दा वजनदार आहे आणि तो प्रयोग मलाही मानावाच लागतो. पण त्याच्या शेजारी २०००चा आय यामामोतो, होसे लुकास आणि रेने हेन यांचा प्रयोग ठेवा. त्यांनी असे उंदीर तयार केले ज्यांत हंटिंग्टन्सचा सदोष तुकडा औषध देऊन बंद करता येतो. आधी तो चालू ठेवला. गोळे झाले, हालचाली बिघडल्या. मग बंद केला. गोळे नाहीसे झाले आणि उंदरांच्या हालचालीही सुधारल्या. नवा माल येणं थांबलं की चेतापेशी जुना गोळा स्वतः संपवू शकते, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो.

मी दोन्ही असे जुळवतो: गोळा करणं ही पहिली पायरी म्हणून उपयोगी, कारण विखुरलेलं विष एके जागी येतं आणि उचलणं शक्य होतं. पुढे उचललंच गेलं नाही तर वर्षानुवर्षं पडून राहिलेला गोळा पी६२, शॅपरोन अशी कामाची प्रथिनंही स्वतःत अडकवून ठेवतो.

उंबरठा
जुळवणी ठीक आहे, पण 'पुढे घातक होतो' हा भाग अजून तितका पक्का वाटत नाही. पी६२ काढून टाकलं तरी ऑटोफॅजी नसलेल्या उंदरांच्या मेंदूतले गोळे कमी झाले, पण उंदरांची मेंदूची हानी काही थांबली नाही. कोमात्सुंचाच २००७चा प्रयोग.

डॅन्यूबकाठी
बरोबर, आणि त्याच प्रयोगात यकृताची हानी मात्र पी६२ काढल्यावर कमी झाली. यकृतात साठलेलं पी६२ स्वतःच उपद्रव करतं, मेंदूत मरणाचं कारण वेगळं असावं. एकाच बिघाडाचे दोन अवयवांत दोन परिणाम. उंबरठा, तुमची शंका मी खोडणार नाही.

कृष्णाकाठ
इतके दिवस इथे नुसती वाचत असते. आज लिहिते, कारण हंटिंग्टन्सचा उल्लेख झाला.

आमच्या सासरी हा आजार आहे. सासऱ्यांना होता, मोठ्या दिरांना आहे. माझ्या यजमानांनी चाचणी करायची की नाही यावर आमच्या घरात वर्षानुवर्षं बोलणं आणि न बोलणं दोन्ही चाललं. एका जनुकात सीएजी ही तीन अक्षरं ठरावीक मर्यादेपलीकडे पुन्हा पुन्हा आली की आजार होतो, ४० किंवा जास्त वेळा आली असतील तर तो होणारच, मुलांत जायची शक्यता निम्मी, एवढं समुपदेशकांनी नीट सांगितलं होतं. पण 'पेशीत काय होतं' हे सोप्या भाषेत पहिल्यांदाच इथे वाचते आहे.

माझा प्रश्न: माळरान यांनी लिहिलं की नवा माल थांबला तर पेशी जुना संपवते. मग रुग्णाच्या पेशीत तेवढं का जमत नाही?

माळरान
कृष्णाकाठताई, लिहिलंत याबद्दल मनापासून आभार.

तुमच्या प्रश्नाचं मला माहीत असलेलं सर्वांत नेमकं उत्तर आना मारिया क्वेर्वो यांच्या गटाच्या २०१०च्या लेखात आहे. त्यांनी हंटिंग्टन्सच्या उंदरांच्या पेशी आणि रुग्णांच्या पेशीही पाहिल्या. पिशव्या नेहमीसारख्या बनत होत्या, थोड्या जास्तच. त्या लायसोसोमपर्यंत जात होत्या, मोडतही होत्या. पण उघडून पाहिलं तर त्यांच्यातल्या पुष्कळ जवळजवळ रिकाम्या. मालच आत घेतला जात नव्हता. सदोष हंटिंग्टिन पापुद्र्याच्या आतल्या बाजूला चिकटून बसतं आणि ओळखण्याचं काम बिघडवतं, असा त्यांचा निष्कर्ष.

म्हणून या आजारात नुसत्या पिशव्या वाढवल्या तर जास्त रिकाम्या पिशव्या फिरतील, अशी भीती असते. अल्झायमर्सचं चित्र याच्या उलट. तिथे राल्फ निक्सन यांच्या गटाने २००५मध्ये रुग्णांच्या मेंदूत दाखवलं की चेतातंतू भरलेल्या पण न मोडलेल्या पिशव्यांनी फुगलेले असतात. तिथे ओळख झालेली असते, मोडणं अडलेलं असतं. एकीकडे रिकाम्या पिशव्या, एकीकडे तुंबलेल्या. दोन्हीला एकच औषध कसं चालेल?

सह्यकडा
पण अल्झायमर्समधे ते प्लाक असतात ना, ज्यावर नवी अँटिबॉडीची औषधं आली आहेत? तेही ऑटोफॅजीनेच जातात का?

केतकी_व
सह्यकडा, ते प्लाक पेशीच्या बाहेर असतात, बीटा-अमायलॉइडचे. तिथे अँटिबॉडी पोचते. या धाग्यात आपण पेशीच्या आतल्या गोळ्यांबद्दल बोलतोय. अल्झायमर्समधे आत साठतं ते टाउ प्रथिन. बाहेरचे प्लाक मायक्रोग्लिया या पेशी खातात, ते प्रकरण वेगळं.

दर्यावर्दी
रॅपामायसिनबद्दल कुणीच लिहिलं नाही? त्याने ऑटोफॅजी वाढते म्हणून काही लोक तरुण राहायला ते घेतात असं वाचलं. आणि त्यात एका भारतीय माणसाचा हात होता ना?

केतकी_व
होता. सुरेंद्रनाथ सहगल. ईस्टर बेट, म्हणजे रापा नुई, इथून १९६०च्या दशकात कॅनडाच्या मोहिमेने माती आणली. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून माँट्रियलमधल्या सहगल यांच्या गटाने हे औषध वेगळं केलं, १९७५मध्ये प्रसिद्ध केलं. बेटावरून त्याचं नाव पडलं. पुढे १९९९मध्ये अमेरिकेत मूत्रपिंड रोपणानंतरचं औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली, कारण ते प्रतिकारशक्ती दाबतं.

केंब्रिजच्या डेव्हिड रुबिन्स्टाइन यांच्या गटाने २००४मध्ये दाखवलं की रॅपामायसिनने हंटिंग्टन्सच्या फळमाश्यांत आणि उंदरांत त्रास कमी होतो. मोठा लेख होता, आम्हाला पहिल्याच वर्षी वाचायला लावतात. पण प्रतिकारशक्ती दाबणारं औषध निरोगी माणसाने मनाने घेणं धोक्याचं आहे, हे स्पष्ट लिहिते.

डॅन्यूबकाठी
रुबिन्स्टाइन यांचा तो लेख आणि माळरान यांनी दिलेला २०१०चा लेख एकमेकांना खोडत नाहीत. पिशव्या फार जास्त बनल्या तर सदोष ओळखीतूनही थोडा माल जात असेल. पण ओळख दुरुस्त करता आली तर त्याला तोड नाही. आणि लायसोसोम बंद असताना पिशव्या वाढवल्या तर तुंबलेलं आणखी तुंबणार, हे तर केतकींच्या गाईडबाईंनी आधीच सांगून ठेवलंय.

निशिगंधा_वाई
भारतात यावर कोणी काम करतंय का? बाबांना उपयोग होईल म्हणून विचारत नाही, तेवढी समज आहे. आपल्याकडे हा प्रश्न कोणी हातात घेतलाय हे ऐकायला बरं वाटेल.

केतकी_व
करतात ना. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमधे रवी मंजिथाया यांची प्रयोगशाळा ऑटोफॅजीवरच काम करते. त्यांनी यीस्टमधे रसायनं चाळून ६-बायो नावाचा छोटा रेणू शोधला. २०१७च्या त्यांच्या लेखात पार्किन्सन्ससारखी स्थिती असलेल्या उंदरांत त्याने चेतापेशींचं संरक्षण होताना दिसलं. माणसांपर्यंतचा रस्ता लांब आहे, पण यीस्टपासून उंदरापर्यंतची साखळी त्यांनी पूर्ण केली.

आणि मुंबईत, पवईच्या आयआयटीत समीर माजी यांचा गट आल्फा-सायन्यूक्लिनवर आहे. हे प्रथिन आधी द्रवाच्या थेंबांसारखं एकत्र येतं आणि मग त्या थेंबांतून घट्ट तंतू तयार होतात, हे त्यांनी २०२०मध्ये दाखवलं. म्हणजे थेंब सैल असतानाच काही करता आलं तर, हा विचार तिथून पुढे जातो.

शमी
थेंब आणि घट्ट गोळा यात पेशीला फरक पडतो का? वर पी६२ थेंबासारखं काहीतरी करतं असं वाटलं होतं.

डॅन्यूबकाठी
शमीताई, कॉमर्सवाल्या म्हणता आणि नेमका ताजा प्रश्न विचारता.

फरक पडतो. पी६२ आणि त्याचे सोबती सैल, द्रवासारख्या गोळ्यांना चांगले उचलतात. कारण उघड आहे, पापुद्रा अशा गोळ्यावर वळत जाऊ शकतो आणि पकडी एकमेकांशी जुळवून घेऊ शकतात. घट्ट, दगड झालेल्या गोळ्यांसाठी २०२२मध्ये बीजिंगच्या त्सिंगह्वा विद्यापीठातल्या ल्यांग ग यांच्या गटाने वेगळा दुवा शोधला, सीसीटी२. हे प्रथिन मूळचं शॅपरोनचा भाग. आठ घटकांच्या कड्यांत राहून प्रथिनांच्या घड्या घालायचं त्याचं काम. गोळे साठायला लागले की ते कड्यातून सुटं होतं आणि एकट्याने घट्ट गोळ्याला एका बाजूने व एलसी३ला दुसऱ्या बाजूने धरतं. यात युबिक्विटिनची खूणही लागत नाही.

ज्याने आयुष्यभर घडी नीट बसवली तेच प्रथिन, घडी बसण्यापलीकडे गेलेल्या मालाची विल्हेवाट लावायला जातं. हा लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा मी खुर्चीतून उठून खोलीभर फेऱ्या मारल्या होत्या.

उंबरठा
हे मला माहीत नव्हतं. घट्ट गोळ्यांसाठी पेशीने स्वतंत्र सोय ठेवली आहे म्हणजे घट्ट गोळा ठेवून चालत नाही असं तिचंही मत दिसतंय. माझ्या शंकेतला थोडा भाग इथे सुटतो, कोमात्सुंच्या प्रयोगाची शंका मात्र राहते.

कृष्णाकाठ
एक विचारते. चेतापेशींचंच इतकं का बिघडतं? हे सदोष प्रथिन तर शरीरात सगळीकडेच असतं ना?

माळरान
ताई, दोन कारणं खात्रीने सांगता येतात. पहिलं, चेतापेशी विभागत नाहीत. त्वचेची किंवा यकृताची पेशी विभागली की साठलेला माल दोघींत वाटला जातो. चेतापेशीला जन्मभर स्वतःचं स्वतः निस्तरावं लागतं.

दुसरं अंतराचं. कण्यातून पायापर्यंत जाणारा चेतातंतू मीटरभर लांब असू शकतो. अमेरिकेतल्या एरिका होल्झबॉर यांच्या प्रयोगशाळेने २०१२मध्ये जिवंत चेतापेशींत दाखवलं की पिशव्या मुख्यतः तंतूच्या दूरच्या टोकाला बनतात आणि डायनीन या वाहक प्रथिनावर बसून पेशीच्या मुख्य भागाकडे येतात. वाटेत लायसोसोमशी जोडणी होते, आतलं आम्ल वाढत जातं, मुख्य भागाजवळ पोचेपर्यंत पचन पूर्ण व्हायला येतं. या वाटेत कुठेही अडलं तरी मागे सगळं थांबतं.

डॅन्यूबकाठी
एएलएस या आजाराचं उदाहरण जोडतो, त्यात हालचाली घडवणाऱ्या चेतापेशी मरतात. त्या आजारात सापडलेली सदोष जनुकं पाहिलीत तर ऑप्टिन्युरिन, टीबीके१ आणि खुद्द पी६२चं जनुक त्यांत आहेत. ऑप्टिन्युरिन हे पी६२सारखंच दुवा प्रथिन आणि टीबीके१ हे दुव्यांची पकड घट्ट करणारं विकर. म्हणजे काही रुग्णांत नेमकी ओळखण्याची आणि पकडण्याची पायरीच जन्मतः कमजोर असते.

दर्यावर्दी
सगळं वाचलं, काही भाग दोनदा. माळरान, मग मूळ प्रश्नावर येऊ. आईने एकादशी करावी की नाही?

माळरान
करू द्या की. त्यांची श्रद्धा आहे, सवय आहे, तब्येत साथ देते आहे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारून करा, एवढंच. मेंदूतल्या गोळ्यांसाठी म्हणून मात्र नको, आणि निशिगंधाताईंच्या वडिलांसारख्या कुणाला आग्रह तर मुळीच नको.

मूळ प्रश्नाचं उत्तर या धाग्यावर बरंचसं जमलं आहे. सैल गोळ्याला युबिक्विटिनची माळ आणि पी६२चा तंतू, घट्ट गोळ्याला सीसीटी२, पुढे एफआयपी२००ला बोलावणं, गोळ्याच्या मापाने पापुद्रा, मग लायसोसोमपर्यंतचा प्रवास. अडतं कुठे, ते आजारागणिक वेगळं.

कृष्णाकाठ
यजमानांनी हा धागा पूर्ण वाचला. रिकाम्या पिशव्यांचा तो २०१०चा लेख त्यांना मूळातून वाचायचा आहे. इंग्रजी वाचतात, पण जीवशास्त्र दहावीपर्यंतचंच. अडलं तर इथे विचारलं तर चालेल का?

केतकी_व
ताई, नक्की विचारा. आधी आकृत्या बघायला सांगा, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांत पिशव्या रिकाम्या दिसतात त्या. मजकूर नंतर. मी शनिवार-रविवार इथे असते, परिच्छेद टाका, आपण एकेक करून लावू.